डेटा सफिशियन्सी जमूनच नाही राहिलं, कोणी नीट सांगा

चणा_ओलित (आर्णी तालुका)
नमस्कार भाऊ, ताई. मी राज्यसेवा पूर्वची अन् सोबत ग्रामीण बँकेची तयारी करून राहिलो, गावातूनच. दिवसा वावर, रात्री थ्री फेज आली की चण्याले ओलित, मधात जो वेळ भेटला तो अभ्यास. बैठक व्यवस्था, सिलॉजिझम जमते मले, पण डेटा सफिशियन्सीचा, म्हणजे दिलेल्या दोन विधानांतली माहिती उत्तराले पुरते का एवढंच सांगायचा, 'विधान 1 पुरेसे की विधान 2' वाला प्रश्न आला की चार चार मिनिटं जाते अन् तरी चुकते. सीसॅटले (राज्यसेवा पूर्वचा दुसरा पेपर) 120 मिनिटात 80 प्रश्न, म्हणजे एकाले दीड मिनिट, त्यात चुकलं की पाव प्रश्नाचे मार्क कटते. कालच्या सराव टेस्टमधला हा पाहा:

अ, ब, क, ड, इ यांच्यात सर्वात उंच कोण?
विधान 1: ड हा अ आणि क पेक्षा उंच पण ब पेक्षा बुटका आहे.
विधान 2: इ पेक्षा फक्त दोघे उंच आहेत.

मी 'दोन्ही मिळूनही अपुरे' केलं, कारण अ आणि क मधून कोण उंच हे कुठंच दिलं नाही. उत्तर 'दोन्ही मिळून पुरेसे' आहे. काऊन? क्लासच्या सरांले फोन केला होता, ते म्हणे सराव कर, बस.

तूर_तर्क
भाऊ, तू पूर्ण रांग लावत बसला, तिथंच वेळ गेला अन् मार्कही गेला. प्रश्न काय आहे? सर्वात उंच कोण, एवढंच. पहिल्यातून ब च्या खाली ड अन् त्याच्या खाली अ, क. म्हणजे सर्वात उंच ब नाहीतर इ, दोनच नावं उरले. दुसऱ्यात इ तिसरा आहे, म्हणजे इ कटला, राहिला ब. अ अन् क चं भांडण तसंच राहू दे, त्याचं कोणी विचारलंच नाही.

या प्रश्नात आपलं काम उत्तर काढायचं नसते, उत्तर *निघते का* हे ठरवायचं असते. मी तर आधी शेवटचं वाक्य वाचतो अन् रफ पेपरवर एकच शब्द लिहितो, 'उंच कोण' किंवा 'वार' किंवा 'किती'. तेवढं भेटलं की थांबायचं. आयताकृती वावराचं क्षेत्रफळ विचारलं, पहिल्यात परिमिती 600 मीटर, दुसऱ्यात लांबी रुंदीच्या दुप्पट, तर लांबी रुंदी निघते हे दिसलं ना? मग 200 गुणिले 100 करायची गरजच नाही, 'दोन्ही मिळून' वर टिक करून पुढं चल.

वर्धेची_ताई
मी अभ्यासिकेत मुलींना हा टॉपिक घेते. सगळ्यात जास्त मार्क कुठं जातात माहीत आहे का, पहिल्या विधानातली माहिती डोक्यात ठेवून दुसरं वाचण्यात. हे बघ:

कापूस कोणत्या वारी विकला?
विधान 1: आईला आठवते, सोमवारनंतर पण शुक्रवारच्या आधी.
विधान 2: बाबांना आठवते, त्याच आठवड्यात बुधवारनंतर पण रविवारच्या आधी.

दुसरं वाचता वाचता मुली म्हणतात 'गुरुवार!' आणि 'फक्त 2 पुरेसे' करून मोकळ्या होतात. पण एकट्या दुसऱ्यात गुरुवार, शुक्रवार, शनिवार तिन्ही येतात, आणि एकट्या पहिल्यात मंगळ, बुध, गुरु. दोन्ही जोडले तरच गुरुवार. म्हणून मी पहिलं विधान तळहातानं झाकायला लावते, खरोखर हात ठेवून. बँकेची परीक्षा कॉम्प्युटरवर असते, तिथं रफ पेपरवर मधोमध रेघ मारायची, डावीकडे 1 चं, उजवीकडे 2 चं, आणि दोन्ही एकटे फेल झाल्यावरच रेघ ओलांडायची.

अजून एक, पहिलं एकटं पुरलं तर 'फक्त 1' आणि 'कोणतंही एक' (म्हणजे दोन्ही विधानं एकेकटी पुरेशी) हे दोनच पर्याय उरतात. नाही पुरलं तर ते दोन्ही कटले. पहिलं किचकट असेल तर सरळ दुसऱ्यापासून सुरू कर. आणि पर्यायांचा क्रम परीक्षेगणिक बदलतो, पाठ करून जाऊ नकोस.

पांढरकवडा_पोट्टा
ताईनं बरोबर सांगितलं. मी 'आहे का?' वाल्या प्रश्नात लय मार खाल्ला, ते सांगतो. 'म हा न चा मुलगा आहे का?' विधान 1, म ही प ची आई आहे. मी अपुरं लिहिलं, कारण न कोण हेच माहीत नाही. पण म बाई आहे तर ती कोणाचाच मुलगा नाही, उत्तर पक्कं 'नाही' आलं, अन् पक्कं 'नाही' म्हणजे पुरेसंच. अपुरं तेव्हाच जेव्हा कधी हो कधी नाही येते.

मराठी माध्यमवाल्यांसाठी खास, प्रश्नातल्या 'हा' 'ही' वरून बाई की माणूस ठरवू नका. मराठीत वाक्य लिहायचं तर काहीतरी लिहावंच लागते. आई, भाऊ, नवरा असा शब्द असेल तरच लिंग पक्कं. 'अपत्य', 'भावंड' आलं की दोन्ही शक्यता मांडा.

चणा_ओलित
लय मस्त समजलं, खरंच धन्यवाद सगळ्यांले. रेघ मारून वहीत दहा सोडवले, आठ बरोबर. एक चुकला तो पाहा: तूर किती रुपये किलो? विधान 1: 2 किलो तूर अन् 3 किलो चणा मिळून 390. विधान 2: 4 किलो तूर अन् 6 किलो चणा मिळून 780. दोन अज्ञात, दोन समीकरणं, म्हणून 'दोन्ही मिळून' केलं.

तूर_तर्क
दुसऱ्या विधानाला 2 ने भाग बरं.

चणा_ओलित
हो की! पहिलंच निघते. म्हणजे समीकरण एकच आहे, तूर 90 अन् चणा 70 धरली तरी जमते, तूर 120 अन् चणा 50 धरली तरी जमते. दोन्ही मिळूनही अपुरे. दहावा नातेसंबंधाचा आहे, त्यात 'भावंड' शब्द आहे, तो आज रात्री मोटर सुरू केल्यावर परत पाहतो अन् इथंच टाकतो.