उचललेली पिकअप: पुढे स्पेसर पुरतात की सस्पेन्शनच बदलायचं?

चिखलवाट: माझ्या पिकअपला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली एकेक आर्म), मागे पाटे. शॉकच्या (भोवती स्प्रिंग असलेल्या शॉक अब्सॉर्बरच्या) वर एक इंची स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) घातला, गाडी पुढून जवळपास दोन इंच उचलली गेली (आर्मच्या तरफेमुळे चाकाशी उंची साधारण दुप्पट मिळते). आता चाक खड्ड्यात सुटलं की लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येतो आणि वेगात स्टिअरिंग सतत सावरावं लागतं. माझं ठाम मत झालंय, स्पेसर उंची देतो, सस्पेन्शन देत नाही. शॉक तोच, स्प्रिंग तीच. मी कॉइलओव्हर (स्प्रिंगसकट नवा, उंची बदलता येणारा शॉक) आणि नवे अप्पर, म्हणजे वरचे, आर्म घालतोय.

पाना_१७: स्पेसरला उगाच बदनाम करू नका. गाडी भरकटते ती कॅस्टर कमी झाल्यामुळे. वरचा आणि खालचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) जोडणारी रेघ मागे कललेली असते म्हणून स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. गाडी उचलली की तो कल, म्हणजेच कॅस्टर, घटतो. महागडा शॉक घालून तो परत येत नाही. उचलल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं होतं का?

चिखलवाट: केलं होतं. खालच्या आर्मचे कॅम बोल्ट (चाकाचा कोन बदलणारे) शेवटपर्यंत फिरवले तरी कॅस्टर कमीच राहिला. म्हणून तर आर्म बदलतोय! आणि स्पेसरने सगळा शॉक खाली सरकतो, त्यामुळे चाक पूर्ण लटकलं की वरचा आर्म स्प्रिंगला टेकतो. माझ्या स्प्रिंगवर घासल्याची खूण आहे.

पाना_१७: मग आर्म घाला, तिथे माझी हरकत नाही. कॅस्टर वाढवून बनवलेला, बॉल जॉइंटला जास्त वळू देणारा आर्म. तुमच्या दोन्ही तक्रारी तिथेच मिटण्याची शक्यता जास्त. शॉक कशाला? रिबिल्ड होणाऱ्या (उघडून दुरुस्त करता येणाऱ्या) शॉकची सील आणि तेल वेळोवेळी बदलावं लागतं, हे विकत घेताना कुणी विचारत नाही.

लांबपल्ला: मी कॉइलओव्हरवाला, तरी चुकलो ते सांगतो. रिकाम्या गाडीच्या वजनाची स्प्रिंग घेतली, नंतर लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) चढवली. नाक बसलं. मग शॉकवरची कॉलर फिरवून प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) वाढवत गेलो. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते आणि चाकाला खाली जायला जागा उरत नाही. प्रत्येक गतिरोधक उतरताना ठाक! शेवटी जास्त रेटची, म्हणजे मुळातच कडक, स्प्रिंग घातली तेव्हा गाडी शांत झाली. वजन आधी ठरवा.

चिखलवाट: विंच माझ्याकडेही येणार आहे, त्या हिशेबानेच स्प्रिंग घेईन. पण शॉकबद्दल मी मागे हटणार नाही. खडबडीत कच्च्या रस्त्यावर तासभर चाललो की तेल तापतं, फेसाळतं आणि पुढचा भाग नुसता डोलत राहतो. हे आर्मने कसं थांबणार?

पाना_१७: तसा तासभर तुम्ही खरंच चालवत असाल तर शॉक घ्या, मान्य. बहुतेकजण चालवत नाहीत. आणि सीव्ही जॉइंटचा (इंजिनाची ताकद पुढच्या चाकाला पोचवणाऱ्या, वाकणाऱ्या सांध्याचा) कोन विसरू नका. जितकी उंची, तितका कोन तिरपा, तितका त्यावरचा बूट (रबरी आवरण) लवकर फाटणार. कॉइलओव्हर घातले म्हणून त्यातून सुटका नाही. दोन इंचांवरच थांबा.

लांबपल्ला: आर्मचे रबरी बुश (टोकाच्या सांध्यातल्या रबरी नळ्या) असतील तर बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी तिच्या उंचीवर बसल्यावरच आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. अलाइनमेंट त्यानंतर.