मदत हवी आहे: वडाचा पार कशाने बांधावा?

आमच्या भागातल्या बागेचं नूतनीकरण होतंय. आराखड्यात फायबरचा जिराफ, ओंडक्यासारखी दिसणारी सिमेंटची बाकं आणि वडाच्या पाराला चकचकीत ग्रॅनाइट! उन्हाळ्यात दुपारी त्यावर टेकून दाखवा म्हणावं.

माणसानं केलेलं काही नकोच, असं नाही. मुंबईचं हँगिंग गार्डन पाण्याच्या टाकीवरच आहे. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट तर उठून दिसतो म्हणूनच लाडका. पुण्यात, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मात्र दगड नि पाणी कसे एकजीव वाटतात.

पार काळ्या दगडात, सांधे सिमेंटने न भरता, मुळांपर्यंत पाणी मुरेल असा कोणी बांधून घेतलाय का? पावसाळ्यात शेवाळाचं काय करता? गवंडी कुठे मिळेल? जिराफ राहू दे, पोरं खूश होतील.