जस्टीन फासावर गेली, तरी कणव राक्षसाचीच?

आडवाट: मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ (१८१८) आत्ता वाचली. डोक्यात १९३१च्या सिनेमातला गुरगुरणारा राक्षस होता. कादंबरीतला बोलतो, आणि सगळ्यांत छान तोच बोलतो! तरुण शास्त्रज्ञ व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन त्याला जिवंत करतो आणि त्याने डोळे उघडताच पळ काढतो. नावसुद्धा ठेवत नाही. पुढे हा डे लेसी कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो, फटीतून ऐकत भाषा शिकतो. ही माणसं गरीब आहेत हे कळल्यावर त्यांचं अन्न चोरणं बंद करतो, रात्री त्यांच्यासाठी लाकडं आणून ठेवतो. आंधळा म्हातारा त्याचं ऐकून घेतो, पण म्हाताऱ्याचा मुलगा फेलिक्स येऊन काठीने झोडपतो. नंतर बुडणाऱ्या मुलीला वाचवतो, तर बक्षीस म्हणून बंदुकीची गोळी. गुन्हेगार व्हिक्टर. राक्षसाला मी माफ केलं.

तिरपागडा: माफ करणारे तुम्ही कोण? व्हिक्टरच्या लहानग्या भावाचा, विल्यमचा गळा दाबला ते रागाच्या भरात, धरून चालू. पण त्याच्या गळ्यातलं चित्र त्यांच्या घरची मोलकरीण जस्टीन झोपलेली असताना तिच्या कपड्यांत सरकवलं, ते? तिने याचं काय बिघडवलं होतं? ती निर्दोष असून फासावर जाते. आणि हे कपट फेलिक्सच्या धड्यांतून आणि माणसांच्या रक्तपिपासू कायद्यांतून शिकलो, असं तो स्वतःच सांगतो. म्हणजे ज्या खोपटासाठी तुमचे डोळे पाणावले, तिथलंच शिक्षण.

आडवाट: तेव्हा त्याला जन्मून दोन वर्षंही झालेली नव्हती हो.

तिरपागडा: मिल्टनचं महाकाव्य ‘पॅराडाइज लॉस्ट’ वाचून स्वतःची तुलना आदमशी आणि सैतानाशी करणारं तान्हं बाळ! वयाची सवलत द्या, पण मग बुद्धीचं कौतुक करू नका.

शांताबाई_नव्हे: दोघांचंही पटतं, म्हणून त्रास होतो. मला व्हिक्टरचाच संताप येतो. जस्टीन निर्दोष आहे हे त्याला माहीत असतं, तरी लोक वेडा म्हणतील म्हणून गप्प बसतो. घर, मित्र, प्रेमाची बायको, सगळं असून हा माणूस आपणहून एकटा पडतो. राक्षसाला ती निवड कधी मिळालीच नाही. (ज्याला व्हिक्टर ही सगळी कहाणी सांगतो त्या जहाजाच्या कप्तानाचा, वॉल्टनचाही विचार करा. बहिणीला लिहिलेल्या पत्रांत तो मित्र नसल्याचंच रडगाणं गातो.)

तिरपागडा: निवड नव्हती हे कबूल. पण आपल्याला राक्षसाची कैफियत पानंच्या पानं ऐकायला मिळते, जस्टीनची जेमतेम. जो जास्त आणि सुंदर बोलतो त्याच्याकडे आपण झुकतो, आणि त्याला सहृदयता म्हणतो. शेवटी वॉल्टनपुढे तो स्वतःसुद्धा स्वतःला माफ करत नाही.

आडवाट: त्याच बोलण्यात तो विचारतो की सगळ्या मानवजातीने माझा अपराध केला, मग गुन्हेगार मी एकटाच का? फेलिक्सचं काय, गोळी झाडणाऱ्याचं काय? ते गाळून कसं चालेल?

तिरपागडा: गाळत नाही. फेलिक्सला जरूर जाब विचारा. माफीचं मात्र जस्टीनला विचारायला हवं होतं, आणि ती सोय त्यानेच ठेवली नाही.