फोन इतका ताकदवान झाल्यावर हँडहेल्ड कन्सोल टिकेल का? बजेट ४५ हजार

लोकलकर
नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण एकमेकांत गुंतलेले.

वापर असा: डोंबिवली ते सीएसएमटी, जाऊन-येऊन रोज अडीच तास, त्यातले बसायला मिळतात ते तास-सव्वातास. शिवाय महिन्यातून एकदा रात्रीची रेल्वे. खेळायचे आहेत ते लांबलचक, कथा असलेले, एकदा पैसे भरून विकत घ्यायचे गेम. बीजीएमआय वगैरे नको. बजेट ४५ हजार.

१) चांगला फोन आणि त्याला लावायचा कंट्रोलर घ्यावा, की निन्टेंडोचा स्विच किंवा पीसीचे गेम चालवणारा स्टीम डेक यांच्यासारखा वेगळा कन्सोल?
२) आज कन्सोल घेतला तर पाच वर्षांनी त्यावर नवे गेम येत असतील का? की सोनीच्या व्हिटा या बंद पडलेल्या हँडहेल्डचं झालं तेच याचंही होणार?

---

थर्मलपेस्ट
चिपच्या नावावर जाऊ नका. वॅट-तास (बॅटरीत मावणारी वीज) आणि उष्णता या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

हिशेब सोपा आहे. ५००० एमएएचच्या फोनची बॅटरी ३.८५ व्होल्टने गुणली की साधारण १९ वॅट-तास. मूळ स्विचची ४३१० एमएएच गुणिले ३.७ म्हणजे १६. स्टीम डेक ओलेडची ५०. म्हणजे स्विचची बॅटरी आजच्या साध्या फोनपेक्षाही लहान आहे. तरी २०१९ नंतरचा स्विच साडेचार ते नऊ तास चालतो, कारण त्याची चिप ठरलेल्या, कमी वेगावरच चालवलेली असते आणि गेम बनवणाऱ्याला तो वेग आधीपासून माहीत असतो. गेम त्याच मापाने कापलेला असतो.

फोनचं उलटं. महागड्या फोनची चिप पहिली काही मिनिटं कन्सोललाही मागे टाकते. पण आत पंखा नाही. काचेच्या पाठीतून आणि कडेच्या धातूतून सतत बाहेर टाकता येते ती उष्णता चार-पाच वॅटच्या आसपास. जड गेम त्याहून जास्त ओढतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटांत चिप स्वतःचा वेग उतरवते, पडद्याचा उजेड कमी होतो आणि सेकंदाला ६० फ्रेमवरून (चित्रांवरून) गाडी ४०-४५ वर येते. मे महिन्यातल्या लोकलमध्ये हे आणखी लवकर होतं, कारण बाहेरची हवाच ३५ अंशांची असते. बेंचमार्कचे (वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे) आकडे बहुतेक पहिल्या काही मिनिटांचे असतात. तुम्हाला सव्वा तास खेळायचं आहे.

डेकमध्ये पंखा आहे आणि चिपला ४ ते १५ वॅटची मोकळीक आहे. त्याची किंमत वजनात मोजावी लागते: ओलेड डेक ६४० ग्रॅम, स्विच लाइट २७५. उभ्याने एका हाताने दांडी धरून यातलं काहीच खेळता येत नाही, पण बसूनही ६४० ग्रॅम वजन अर्ध्या तासाने मनगटाला जाणवतं. बॅग मांडीवर घेऊन तिच्यावर टेकवा.

आणि फोनच्या बॅटरीवर तुमचं तिकीट, यूपीआय आणि घरचा फोन हे सगळं अवलंबून आहे, हे विसरू नका. घरी परतताना ६ टक्के उरले असतील तर गेम कितीही चांगला असो.

---

काडतूस८९
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. व्हिटा नेमकी कशाने गेली हे पाहिलं तर उत्तर मिळतं.

निन्टेंडो डीएस १५.४ कोटी खपला. त्यानंतरचा ३डीएस फेब्रुवारी २०११ मध्ये जपानमध्ये २५,००० येनला आला आणि त्याच ऑगस्टमध्ये १५,००० येनवर आणावा लागला. शेवटी तो ७.५९ कोटींवर थांबला, म्हणजे डीएसच्या निम्म्यावर. मधल्या काळात फोन आले होते. पाच-दहा मिनिटं वेळ घालवायला कोडी आणि उड्यांचे खेळ खेळणारा मोठा वर्ग फोनवर गेला आणि परत आला नाही. तो येणारही नाही.

व्हिटा डिसेंबर २०११ ची. पडदा उत्तम होता, पात्र हलवायच्या दोन काड्या (स्टिक) होत्या. पण गेम साठवायला सोनीचंच खास कार्ड लागायचं आणि अमेरिकेत ३२ जीबीचं कार्ड शंभर डॉलरला होतं, कन्सोल २५० ला. वर मोठे गेम घरच्या कन्सोलसाठी बनत आणि व्हिटासाठी वेगळी टीम बसवावी लागे. खप कमी म्हणून गेम कमी, गेम कमी म्हणून खप कमी. २०१९ मध्ये उत्पादन थांबलं.

स्विचने मोडला तो नेमका हा फेरा. घरचा आणि हातातला कन्सोल एकच, म्हणून निन्टेंडोच्या सगळ्या टीम एकाच यंत्रासाठी काम करू लागल्या. खप १५ कोटींच्या पुढे गेला. स्टीम डेकने तर वेगळा गेम बनवायची अटच काढून टाकली. विंडोजसाठी बनलेला गेम प्रोटॉन या मधल्या सॉफ्टवेअरच्या थरातून डेकच्या लिनक्सवर चालतो.

माझं ठाम मत: ज्या हँडहेल्डला स्वतःसाठी खास गेम बनवून घ्यावे लागतात, तो आता कोणी नवा काढणार नाही. ज्याच्यामागे आधीपासूनच मोठा साठा आहे तो टिकेल. असे दोनच आहेत, निन्टेंडो आणि पीसी. म्हणून पाच वर्षांची काळजी डेकबाबत सर्वांत कमी. यंत्र मेलं तरी स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेले गेम लॅपटॉपवर उघडतात.

याउलट आयफोनवर २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि ३२ बिटचे सगळे जुने ॲप एका रात्रीत बंद पडले. त्यात पैसे भरून घेतलेले कितीतरी गेम गेले. निन्टेंडोनेही मार्च २०२३ मध्ये ३डीएसच्या दुकानातली खरेदी बंद केली, पण काडतूस घातलं की गेम आजही चालतो. स्विच २ घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. त्याच्या काही काडतुसांत गेम नसतोच, फक्त किल्ली असते आणि गेम उतरवून घ्यावा लागतो. खोक्यावर तसं छापलेलं असतं.

---

डीपॅड
फोनला इतकं मोडीत काढू नका. ज्याच्याकडे आधीच बरा फोन आहे त्याचं काम चार-पाच हजारांच्या कंट्रोलरवर भागतं. फक्त या गोष्टी बघून घ्या.

ब्लूटूथ नको, यूएसबी-सी खोबणीत बसणारा, फोनला दोन्ही बाजूंनी धरणारा घ्या. बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल यातला उशीर कमी होतो आणि वेगळी बॅटरी सांभाळावी लागत नाही. काड्या हॉल-इफेक्टच्या असाव्यात. साध्या काड्यांत कार्बनच्या पट्टीवर पाकळी घासत असते, ती झिजली की हात न लावताही पात्र एका बाजूला चालू लागतं. हॉल-इफेक्टमध्ये चुंबक असतो, घासायला काही नसतं. फोनचं कव्हर काढावं लागतं, नाहीतर प्लग अर्धाच बसतो आणि धक्क्याने खोबणी सैल होते. ही सर्वांत जास्त होणारी चूक.

चार्जिंग लावून खेळायचं तर फोनमध्ये बॅटरीला वगळून थेट वीज घेण्याची सोय आहे का ते बघा. सॅमसंगच्या बऱ्याच वरच्या फोनमध्ये गेम बूस्टरमध्ये 'पॉज यूएसबी पॉवर डिलिव्हरी' मिळतं. पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) चार्जर हवा आणि बॅटरी २० टक्क्यांच्या वर हवी. ते चालू केलं की बॅटरी तापत नाही आणि चिपचा वेगही उशिरा उतरतो.

खरी अडचण गेमची आहे, हे मान्य. बरेच गेम फक्त बोटांसाठीच बनतात. बीजीएमआयमध्ये कंट्रोलर अधिकृतपणे चालत नाही आणि बटणं जुळवून देणारी ॲप वापरली तर खातं बंद होऊ शकतं.

आणि फोन विरुद्ध कन्सोल ही भिंतच आता पातळ झाली आहे. रेट्रॉइड पॉकेट ५ या हँडहेल्डमध्ये स्नॅपड्रॅगन ८६५ आहे, ऐन ओडिन २ मध्ये स्नॅपड्रॅगन ८ जेन २ आणि ८००० एमएएचची बॅटरी. दोन्ही अँड्रॉइडवर चालतात, दोन्हींत पंखा आहे. ही फोनचीच चिप, फक्त तिला हवा आणि बटणं दिलेली. जुने गेम खेळणाऱ्यांसाठी पुढची वाट मला यातच दिसते.

---

लोकलकर
धन्यवाद, बरंच स्पष्ट झालं. डेककडे कल आहे. पण भारतात अधिकृत मिळत नाही म्हणतात, आणि ४५ हजारांत बसेल का? सेकंड हँड घेतला तर काय तपासायचं?

---

थर्मलपेस्ट
ओलेड ५१२ जीबीची अमेरिकेतली मूळ किंमत ५४९ डॉलर. नुसत्या डॉलरच्या दरानेच ती ४५ हजारांच्या पुढे जाते, वर आणणाऱ्याचा नफा. त्यामुळे तुमच्या बजेटमध्ये वापरलेला एलसीडी डेक (ओलेडच्या आधीचा, ४० वॅट-तासांचा) किंवा वापरलेला स्विच. दोन्हींना इथे कंपनीची वॉरंटी नाही, ती रक्कम मनात धरूनच भाव करा. मोठ्या कंपन्यांचे विंडोजवाले हँडहेल्ड इथे वॉरंटीसकट मिळतात, पण विंडोज झोपेतून नीट उठत नाही. बॅगेत ठेवलेलं यंत्र आपोआप जागं होऊन तापतं. तसलं घेतलं तर पॉवरच्या बटणाला स्लीपऐवजी हायबरनेट लावा. डेक आणि स्विचवर बटण दाबलं की गेम जिथल्या तिथे थांबतो आणि काही सेकंदांत तिथूनच सुरू होतो. स्टेशन आलं की बंद करायचं असेल तर याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

डेक तपासताना: सेटिंग्जमध्ये कंट्रोलरच्या चाचणीत दोन्ही काड्या सोडून बघा, ठिपका मधोमध यायला हवा. मग डेस्कटॉप मोडमध्ये इन्फो सेंटर, एनर्जी. तिथे बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दिसते. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च धरा. ती आत डिंकाने घट्ट चिकटवलेली असते आणि उपसून काढताना वाकली तर धोका आहे, तेव्हा घरी करू नका. १५ मिनिटं जड गेम चालवून पंख्याला खरखर आहे का ऐका.

साधा स्विच (लाइट किंवा ओलेड नव्हे) घेत असाल तर मागच्या बाजूला मॉडेल एचएसी-००१(-०१) असं लिहिलेलं हवं. कंसातला -०१ नसेल तर तो २०१७ चा, अडीच ते साडेसहा तासांचा. बॅटरी तीच, चिप जुनी.

डेक घेतल्यावर पहिलं काम: तीन ठिपक्यांचं बटण, परफॉर्मन्स, फ्रेमची मर्यादा ४०. ६० फ्रेमला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, ३० ला ३३.३. ४० ला बरोबर २५, म्हणजे नेमकं मधलं. डोळ्याला ३० पेक्षा खूपच गुळगुळीत लागतं आणि वीज ६० पेक्षा बरीच कमी जाते. मग टीडीपीची (चिपने ओढायच्या विजेची) मर्यादा १० वॅटवर आणा, गेम अडखळला तर एकेक वॅट वाढवा. पडदा आणि बाकीचं धरून एकूण १४-१५ वॅट जातील, ४० वॅट-तासांत अडीच तास. तुमची जाऊन-येऊनची लोकल त्यात बसते.

---

काडतूस८९
एक भर. स्टीमवर रुपयांत किंमत असते आणि यूपीआय चालतं, पण विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर (कोणता गेम डेकवर चालतो ते तिथे कळतं) गेमचं नाव टाकून बघा. एकट्याने खेळायचे गेम बहुतेक चालतात. व्हॅलोरंट, फोर्टनाइट, पबजी चालत नाहीत, त्यांची फसवणूक रोखणारी प्रणाली लिनक्सला दारात उभं करत नाही.

रात्रीच्या रेल्वेसाठी: पॉवर बँक १५ व्होल्ट ३ अँपिअर देणारी हवी, म्हणजे ४५ वॅट. '६५ वॅट' लिहिलेल्या काही बँका दोन केबल लावल्या की प्रत्येकी २०-३० वर येतात, तेव्हा एकच केबल लावा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास, गळती वजा जाता हाती साठेक, म्हणजे आणखी चार तास. अनेक गाड्यांत डब्यातले सॉकेट रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवतात, त्यामुळे डेक आणि बँक दोन्ही अकराच्या आत भरून घ्या.