मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी जुना फ्लॅट घेताना जमिनीची चौकशी कशी करावी?

घरशोधक_डोंबिवली

नमस्कार. आम्ही मुलुंड पश्चिमेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूच्या डोंगराला लागून असलेल्या एका गृहनिर्माण संस्थेत दोन शयनगृहांचा फ्लॅट पाहिला आहे. इमारत १९९३ सालची असून फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला आहे. खिडकीतून थेट झाडी दिसते आणि इमारतीच्या मागे साधारण दोन मजले उंचीची दगडी संरक्षक भिंत आहे. घर आम्हा सर्वांना मनापासून आवडले आहे, परंतु तीन गोष्टी मनात घोळत आहेत.

पहिली अशी की, या जमिनीवर पूर्वी ‘खाजगी वन’ अशी नोंद होती आणि ती आता उठली आहे, असे विक्रेते सांगतात. त्याच इमारतीतील एका गृहस्थांचे म्हणणे मात्र असे की नोंद अजूनही कायम आहे. दुसरी गोष्ट त्या भिंतीची. ती कोणाच्या मालकीची आणि कोणाच्या जबाबदारीची, हे संस्थेच्या सचिवांनाही नेमके सांगता आले नाही. तिसरी गोष्ट अशी की संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचे कायदेशीर हस्तांतर) झालेले नाही आणि तरीही पुनर्विकासाची चर्चा सुरू असल्याचे सांगून किंमत चढवली जात आहे. मध्यस्थ या आठवड्यातच टोकन द्या म्हणून आग्रह धरत आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दिवाणी_वकील

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो, कारण मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत डोंगराच्या कडेने राहणाऱ्या असंख्य कुटुंबांनी या एका नोंदीपायी अनेक वर्षे घोर काळजीत काढली आहेत.

१९५० च्या दशकात भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली अनेक खाजगी जमीनमालकांच्या नावे नोटिसा काढण्यात आल्या. त्यांतील कित्येकांवर पुढे काहीच कार्यवाही झाली नाही. नंतर महाराष्ट्र खाजगी वने संपादन अधिनियम, १९७५ आला आणि ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वने शासनाकडे निहित झाली, म्हणजे त्यांची मालकी शासनाकडे गेली. मधल्या तीन दशकांत याच जमिनींवर महानगरपालिकेने नकाशे मंजूर केले, इमारती उभ्या राहिल्या, बँकांनी कर्जे दिली आणि दुय्यम निबंधकांकडे खरेदीखतेही नोंदली गेली. त्यानंतर जुन्या नोटिसांच्या आधारे महसुली अभिलेखांत वनाच्या नोंदी घेतल्या जाऊ लागल्या, आणि मार्च २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल शासनाच्या बाजूने लागला. त्या काळात डोंगराकडेची घरे विकणे जवळजवळ अशक्य झाले होते.

३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइस विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात तो निकाल फिरवला. नोटीस केवळ काढलेली असणे पुरेसे नाही, ती मालकावर बजावलेली असली पाहिजे आणि तिच्यावरील कार्यवाही जिवंत असली पाहिजे, असा त्याचा मथितार्थ आहे. शासनाने कित्येक दशके स्वस्थ बसून राहावे आणि परवानग्या पाहून प्रामाणिकपणे घरे घेतलेल्या नागरिकांना त्याची शिक्षा मिळावी, हेही न्यायालयाने मान्य केले नाही. माझ्या मते नागरिकांच्या बाजूने झालेला हा अत्यंत न्याय्य विचार आहे.

तरीही या निकालाने प्रत्येक नोंद आपोआप पुसली गेली, असे समजून चालणार नाही. तुमच्या इमारतीखालच्या जमिनीचा नगर भूमापन क्रमांक घेऊन नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डाची) ताजी प्रमाणित प्रत काढा आणि वनाची नोंद कमी केल्याचा फेरफार तिच्यावर आहे का, तो कोणत्या आदेशाने आणि कोणत्या तारखेला झाला, हे पाहा. मग त्या आदेशाची प्रत मिळवा. विक्रेता खरे सांगत असेल, तर ही कागदपत्रे त्याच्याकडे किंवा संस्थेकडे असतीलच. नसतील तर ती मिळेपर्यंत थांबण्यात तुमचे कोणतेही नुकसान नाही. सोबत ३० वर्षांचा मालकी हक्काचा शोध अहवाल, आतापर्यंतच्या सर्व करारनाम्यांची मूळ साखळी आणि भोगवटा प्रमाणपत्र हेही तपासून घ्यावे.

अभिहस्तांतरणाबाबत सांगायचे, तर ते झालेले नसेल तर जमीन कागदोपत्री अजून मूळ मालकाची किंवा विकासकाची आहे. ते स्वतः करून देत नसतील, तर संस्था जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स) अर्ज करू शकते. अर्ज केला आहे का, एवढा एकच प्रश्न सचिवांना विचारा. पुनर्विकासाची चर्चा कितपत खरी आहे ते त्या उत्तरातून कळेल. शिवाय उद्यानाभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र ५ डिसेंबर २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने निश्चित झाले आहे. भूखंड त्यात येत असेल, किंवा विकास आराखडा २०३४ मध्ये उताराचा भाग नैसर्गिक क्षेत्र म्हणून दाखवला असेल, तर नव्या बांधकामाच्या परवानगीच्या अटी बदलतात. महापालिकेकडून त्या क्रमांकाचा डीपी रिमार्क (विकास आराखड्यात ती जमीन कशी दाखवली आहे याचा दाखला) काढून घेतल्याशिवाय पुनर्विकासाच्या आशेपोटी एक रुपयाही जास्त देऊ नये.

मृदा_आणि_पाया

मी स्थापत्य अभियंता असून उतारावरील बांधकामांचे काम करतो, म्हणून केवळ भिंतीविषयी लिहितो.

मुंबईचे डोंगर बसाल्टचे आहेत आणि वरचा झिजलेला मुरूम व माती पावसात पाणी धरून ठेवते. भिंतीला खरा धोका असतो तो तिच्यामागे साठणाऱ्या पाण्याच्या दाबाचा. म्हणून भिंतीत ठरावीक अंतराने पाणी निचऱ्याची छिद्रे ठेवलेली असतात, ज्यांना साइटवर वीप होल म्हणतात. जोरदार पाऊस होऊन गेल्यावर त्या छिद्रांतून पाणी वाहत असेल तर निचरा सुरू आहे असे समजावे. मात्र ती कोरडी असून दगडांच्या सांध्यांतून पाणी पाझरत असेल, किंवा छिद्रे सिमेंटने बुजवलेली असतील, तर ती काळजी करण्यासारखी बाब आहे. भिंतीचे पोट सुटले आहे का, माथा पुढे झुकला आहे का, सांध्यांत पिंपळ-वडाची रोपे रुजली आहेत का आणि माथ्यावरची पन्हळ साफ आहे का, हे तुम्ही स्वतःही पाहू शकता. भिंतीच्या वर, डोंगरावर, नवीन खोदकाम किंवा भराव झाला असेल तर ते विशेष बारकाईने पाहावे.

मी हे एवढ्या आग्रहाने सांगतो आहे, कारण जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाडा येथे जलाशयाची भिंत मध्यरात्री कोसळली आणि जुलै २०२१ मध्ये चेंबूरच्या भारत नगरात दरड व भिंत घरांवर आली. दोन्ही वेळा बळी पडलेली माणसे भिंतीच्या पायथ्याशी झोपलेली होती. तुमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी भिंत सरकली तर तिचा भार इमारतीच्या मागच्या खांबांवर येतो.

इमारत ३० वर्षांच्या पुढची आहे, त्यामुळे संरचनात्मक तपासणी झालेली असणे आवश्यक आहे. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी व्हायला हवी. तो अहवाल मागा आणि त्यात संरक्षक भिंतीचा उल्लेख आहे का ते पाहा, कारण पुष्कळ अहवाल इमारतीपुरतेच असतात. भिंत कोणाची, याचे उत्तर मंजूर नकाशा आणि मोजणीच्या नकाशातून मिळते: हद्दीच्या आत असेल तर ती संस्थेची, आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च उद्या तुमच्याही वाट्याला येणार. दोन मजली दगडी भिंतीची दुरुस्ती लहान संस्थेला पेलत नाही, हे भाव ठरवताना ध्यानात ठेवावे.

नाहूर_ते_चेकनाका

मी याच पट्ट्यात लहानाची मोठी झाले आणि गेल्या वर्षी आईवडिलांचा फ्लॅट विकला, म्हणून विक्रेत्याच्या बाजूनेही थोडे लिहिते.

मागच्या बाजूच्या, डोंगराकडे तोंड असलेल्या घरांना पुष्कळ मागणी असते, परंतु पहिले तीन मजले पावसाळ्यात ओलसर राहतात आणि भिंत जवळ असेल तर दुपारनंतर ऊन येत नाही. घर शक्यतो ऑगस्टमध्ये पाहावे. ते जमत नसेल तर कपाटामागची भिंत आणि स्नानगृहाच्या वरचा कोपरा तरी पाहावा. बिबट्याचा वावर इथे आहेच. संस्थेत कचरा उघडा पडत नसेल आणि भटक्या कुत्र्यांची गर्दी नसेल, तर त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. आमच्या पिढीने त्याला शेजारी म्हणूनच स्वीकारले आहे.

गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या नावाने सध्या भाव सांगितले जातात. उद्यानाखालून जाणारे त्याचे जुळे बोगदे प्रत्येकी सुमारे ४.७ किलोमीटरचे असून त्यांचे मुलुंडकडील तोंड खिंडीपाड्याजवळ आहे. तुमची इमारत त्या रस्त्यापासून किती अंतरावर आहे यावर तो लाभ ठरेल की आवाज आणि धूळ, हे अवलंबून आहे.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. मुलुंडला मुद्रांक शुल्क एकूण ६ टक्के पडते. चेकनाका ओलांडून ठाणे महापालिकेच्या हद्दीत गेलात तर ७ टक्के. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असेल तर १ टक्का सवलत मिळते. संस्था हस्तांतरणापोटी २५,००० रुपयांपेक्षा अधिक अधिमूल्य मागत असेल तर ते देऊ नये.

घरशोधक_डोंबिवली

तिघांचेही मनःपूर्वक आभार. मिळकत पत्रिकेसाठी अर्ज करतो आहे आणि सचिवांकडे तपासणी अहवाल मागितला आहे. दरम्यान घर हातचे जाऊ नये म्हणून थोडे टोकन दिले तर चालेल का?

दिवाणी_वकील

चालेल, मात्र रक्कम अल्प असावी, ती धनादेशाने थेट विक्रेत्याच्या नावे द्यावी आणि पावतीवर दोघांच्या सह्या असाव्यात. वनाची नोंद कमी झाल्याचा आदेश न मिळाल्यास किंवा बँकेने जमिनीच्या कारणावरून कर्ज नाकारल्यास पूर्ण रक्कम कोणतीही वजावट न करता ठरावीक दिवसांत परत करावयाची, हे वाक्य पावतीत स्पष्ट लिहून घ्या. विक्रेता या अटीवर सही करण्यास तयार नसेल तर टोकन देऊ नका. मिळकत पत्रिका हाती आली की तिच्यावरील फेरफाराचा मजकूर, क्रमांक झाकून, इथे लिहा. पुढे काय पाहायचे ते सांगतो.