मालवणजवळचा 'शिलाहारकालीन' बार, कोणाला काही माहितीये का?

भटक्या_देवगड:
परवा मालवणच्या अलीकडे एका जुन्या बारमध्ये बसलो होतो, जांभ्याच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, भर दुपारी आत अंधार, सुरमई मात्र एक नंबर. मालक म्हणाले जागा आठशे वर्षं जुनी आहे, तुळईवर ११९० कोरलंय ते पण दाखवलं. वर म्हणे शिलाहार राजा इथे काजूची प्यायला यायचा आणि मागच्या खोलीतून थेट सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत भुयार आहे. खरं काय यातलं?

चिरेखाण:
काजू पोर्तुगीजांनी आणला सोळाव्या शतकात, शिलाहार तेराव्यातच संपले. माडी म्हणाले असते तर मी गप्प बसलो असतो, माड आपल्याकडे होतेच. आणि सिंधुदुर्ग बांधायला घेतला १६६४ ला, तोही समुद्रात कुरटे बेटावर, म्हणजे भुयार खणून ठेवून पावणेपाचशे वर्षं किल्ल्याची वाट बघत बसले की काय 😂 कौलांचे कारखाने तर मंगळुरात १८६० नंतरचे.

गाबीत_पोरगो:
भुयार खंयचा रे, ती मोरी आसा. ल्हान असताना आमचो बॉल थंय गेलेलो, काठयेन काडलो. आजो सांगायचो दारूबंदीत थंय चायचा हाटेल होता, पण चाय पेल्यातच मिळायची, कप मागलास तर नवखो म्हणून वळखत 😀

पावकी_निमकी:
@चिरेखाण कौलं काय, नंतरही बदलतात, त्यावरून इमारतीचं वय ठरत नाही. तो आकडा नीट बघा. झिजलेला ७, त्यावर दर गणपतीला ऑइलपेंट, की झाला १. १७९० असेल तर तो शके असणार, ७८ मिळवा, १८६८ येतं. गाववाले त्याला अजून गुत्ताच म्हणत असतील ना? गुत्ता म्हणजे मूळचा मक्ता, दारू विकायचा हक्क घेणारा तो गुत्तेदार. मला तर दीडशे वर्षांचा गुत्ता टिकलाय हेच भारी वाटतं, राजा हवाय कशाला.

भटक्या_देवगड:
फोटो झूम करून बघितला, दुसऱ्या आकड्यावर नेमकी पाल बसलीय 🤦 शनिवारी परत जातोय, टॉर्च घेऊन. मालकांना शके वगैरे सुरमई खाऊन झाल्यावरच विचारेन.