ट्रॅव्हलरचा घरीच कॅम्पर करतोय, वायरिंग आणि गॅस कसं करू?

भटक्या_नाशिक
नमस्कार मंडळी. सेकंडहँड ट्रॅव्हलर ३३५० (फोर्सची मिनीबस) घेतलीय, आत राहता-झोपता येईल असा कॅम्पर करायचाय, मागच्या सीटा काढल्या, पत्र्याला इन्सुलेशन आणि वरून प्लाय मारून झालं, आता वायरिंगपाशी येऊन अडकलोय. आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, आई आणि ८ वर्षांची मुलगी. कोकण-गोवा नेहमीचं, आणि जमलं तर ऑक्टोबरात हिमाचलमधलं स्पिती. लोड म्हणाल तर १२ व्होल्टचा ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज, दोन पंखे, एलईडी लाईट, मोबाईल-लॅपटॉप आणि आईचा नेब्युलायझर. आमचा घरचा इलेक्ट्रिशियन म्हणतो की बॅटरीला मोठा इन्व्हर्टर लावू, सगळं २३० व्होल्टवर चालवू, घराचीच वायर ओढू, पुढे एक फ्यूज टाकला की झालं. आणि गॅसचं म्हणाल तर ५ किलोचं सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात आणि वर शेगडी. मला हे पटत नाहीये, पण त्याला समजावायला माझ्याकडे मुद्दे नाहीत. सगळे आतच झोपणार आहेत म्हणून नीट विचारून करायचंय. इंडक्शनच घेऊन गॅस टाळता येईल का?

वायर_कोल्हापूर
दादा, न पटणं बरोबरच आहे. मी ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करतो, आधी वायरिंगचं सांगतो.

फ्रीज, पंखे, लाईट सगळं १२ व्होल्टवर मिळतं ना, मग १२ चं २३० करून परत अडॅप्टरने १२ करायचं कशाला? मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १५ वॅटच्या आसपास स्वतःच खातो, म्हणजे दिवसाला ३६० वॅट-अवर फुकट गेले. आईंच्या नेब्युलायझरवर किती वॅट लिहिलेत ते बघ, साधारण १०० ते १५० असतात, त्याला ३०० वॅटचा प्युअर साईन (घरच्या विजेसारखाच करंट देणारा) इन्व्हर्टर पुरतो, लागेल तेव्हाच चालू कर.

आता हिशोब. फ्रीज ४५ वॅटचा धरला आणि आपल्याकडच्या उन्हात निम्मा वेळ चालला तर दिवसाला ५०० च्या वर जातात, पंखे २०० ते ३००, लाईट आणि चार्जिंग मिळून २००. म्हणजे रोजचे हजार. १०० एएचची (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२८० वॅट-अवर, एका दिवसाची बेगमी. २०० एएच घेतलीस तर मळभ असलं तरी निभावेल. छतावर २०० वॅटचं पॅनल टाकलं तर चांगल्या उन्हात ६०० ते ७०० येतात, पावसाळ्यात मात्र त्याच्या भरवशावर राहू नको. इंडक्शनवर १५०० वॅटने अर्धा तास स्वयंपाक म्हणजे इन्व्हर्टरचा लॉस धरून ८०० च्या वर, आणि चौघांचं दोन वेळचं जेवण अर्ध्या तासात होत नाही. वर १२ व्होल्टच्या बाजूला १३० अँपियर करंट वाहणार. त्यामुळे एवढ्या बॅटरीवर गॅसच बरा, पण नीट बसवलेला.

फ्यूज एक नाही पुरत. फ्यूज असतो वायर वाचवायला, म्हणून तो बॅटरीच्या प्लस टर्मिनलला चिकटून पाहिजे, वीतभर अंतरात, कारण टर्मिनल ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं. तो मेन फ्यूज, त्यापुढे मेन स्विच, मग फ्यूज बॉक्स आणि प्रत्येक लाईनला वेगळा ब्लेड फ्यूज, त्या वायरला झेपेल एवढाच. लिथियम शॉर्ट झाली तर इतका करंट सोडते की हलका फ्यूज उडूनही आतून आर्क (ठिणगीची धार) चालू राहतो, म्हणून मेनला क्लास टी प्रकारचा फ्यूज घे, तो एवढा करंटही तोडतो, महाग आहे पण तिथे पैसे वाचवू नको.

वायर बारीक तारांची फ्लेक्सिबल घे. घरची जाड तारांची वायर गाडीच्या हादऱ्याने थिंबलपाशीच (वायरीच्या टोकाला दाबतात ती धातूची टोपी) तुटते. थिंबल क्रिंपिंग टूलनेच दाबायचं, पक्कडने नाही, आणि पत्र्यातून वायर जाते तिथे प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी रिंग), नाहीतर पत्रा वायर कापणार हे नक्की. जाडीचं म्हणशील तर फ्रीज बॅटरीपासून ५ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन १० मीटर धरायचे. १ स्क्वेअर एमएम टाकलीस तर कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्ट-सव्वा व्होल्ट वायरीतच पडतो, मग बॅटरी भरलेली असूनही फ्रीज लो व्होल्टेज दाखवून बंद, आणि लोक फ्रीजला शिव्या देतात. तिथे ४ स्क्वेअर एमएम टाक.

अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरणारा गाडीचा जनरेटर) चार्जिंग डीसी-डीसी चार्जरनेच कर, तो करंट मर्यादेत ठेवतो, २० ते ३० अँपियरचा बास. थेट जोडलीस तर रिकामी लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जातो.

सह्याद्री_आणि_मी
वरचं सगळं बरोबर. मी गॅसबद्दल लिहिते, कारण ओट्याखालचं कपाट वाचून काळजी वाटली.

घरात ओट्याखाली सिलिंडर चालतं कारण खोली मोठी आणि खिडक्या-दारं उघडी असतात. गाडीत तसं नसतं हो. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, प्रोपेन साधारण दीडपट आणि ब्युटेन दुप्पट. गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो, म्हणजे खालच्या बर्थवर मुलगी झोपणार तिथेच, आणि फ्रीजचा रिले टिक झाला तरी ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडरला स्वतंत्र पेटी हवी. पेटी आतल्या बाजूने पूर्ण बंद, पाइप जातो ते भोकसुद्धा सील केलेलं, दार फक्त बाहेरून उघडणारं, आणि पेटीच्या तळाला थेट गाडीखाली उघडणारं भोक, चांगलं तळहाताएवढं, कधीच बुजणार नाही असं, वर जाळी. त्या पेटीत बॅटरी, स्विच, लाईट काहीच नाही. सिलिंडर उभंच ठेवायचं आणि दोन पट्ट्यांनी बांधायचं, घाटात ते आडवं झालं तर रेग्युलेटरमध्ये द्रव गॅस जातो.

पेटीत सिलिंडरपासून छोटी आयएसआय सुरक्षा ट्यूब, तिच्यावर छापलेली तारीख बघा, ५ वर्षांत बदलायची. पुढे शेगडीपर्यंत तांब्याचा पाइप, जागोजागी क्लॅम्प मारलेला, फर्निचरच्या मागे जोड नको. कमर्शियल किचनचं गॅस काम करणारा फिटर गाठा, प्लंबर नको. शेगडी ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी घ्या, दारातून वारा आला की बर्नर विझतोच. साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोड बघा, आणि पहिला लांब प्रवास झाला की परत, हादऱ्याने नट ढिले होतात. गाडी चालू असताना सिलिंडर बंद. आणि मोठ्या सिलिंडरमधून छोटं भरून देणारे असतात त्यांच्याकडे अजिबात जाऊ नका, ५ किलोचं भरलेलं एजन्सीत रीतसर मिळतं.

दोन अलार्म घ्या. एलपीजीचा जमिनीपासून वीतभर उंचीवर, कार्बन मोनॉक्साइडचा झोपल्यावर डोकं येतं त्या उंचीला. शेगडी पेटलेली असताना छताची खिडकी उघडी आणि खालून हवा येईल अशी जाळी, थंडी कितीही असो.

म्युनिक_मराठी
ताईंनी सांगितलेली पेटी म्हणजे इकडे युरोपात नियमच आहे. जर्मनीत कॅम्परच्या गॅसची दर २ वर्षांनी तपासणी होते, तपासनीस सगळी लाईन दाबाखाली ठेवून बघतो आणि ट्यूबवरची तारीखही वाचतो. भारतात ते कुणी विचारणार नाही, म्हणून तारीख पेटीच्या दारावर मार्करने लिहून ठेव.

स्पितीबद्दल दोन गोष्टी. ऑक्टोबरात स्पितीतल्या काझाला रात्री पारा शून्याखाली जातो. लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, सेल कायमचे खराब होतात, त्यामुळे लो टेंपरेचर कटऑफ (थंडीत चार्जिंग आपोआप बंद) असलेलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, बघून घे आणि बॅटरी गाडीच्या आत ठेव. दुसरं, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, म्हणजे त्याखाली त्याची वाफच होत नाही. आपल्या एलपीजीत ब्युटेन बरंच असतं, सकाळी ज्योत मंद झाली तर शेगडी बिघडली समजू नको. सिलिंडरला गरम पाणी किंवा आग लावून बघायचा प्रयत्न कुणी करू नये, ऊन येईपर्यंत थांबायचं. आणि ऊब हवी म्हणून गॅस पेटवून झोपायचं नाही, गोधड्या जास्त घ्या.

भटक्या_नाशिक
खूप खूप आभार, हे सगळं प्रिंट काढून इलेक्ट्रिशियनला दाखवतो. पेटी मागच्या दारापाशी करतोय, बाहेरून उघडेल अशी. आरटीओचं काही लागतं का? सीटा काढल्यात.

वायर_कोल्हापूर
लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, सीटांची संख्या बदलली म्हणजे आरसीवर नोंद आलीच. पुढचं फर्निचर ठोकायच्या आधी आरटीओत जाऊन विचार, आणि इन्शुरन्सवाल्यालाही लेखी कळव, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करतील. मागच्या दाराची पेटी चालेल, फक्त तळाला भोक पाडायच्या आधी खाली वाकून सायलेन्सर कुठून जातो ते बघ, एक्झॉस्टजवळ ते भोक नको.